इंडी

'इंडिपेंडंट' या इंग्रजी विशेषणाचे हे लाडके लघुरूप आज एका संगीतशैलीचे नाव झाले असले, तरी 1980 च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये इंडी तबकड्यांची साप्ताहिक क्रमवारी छापली जाऊ लागली तेव्हा तीत प्रवेशाची सनद सुरावर नव्हे, वितरणावर मिळे. बड्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर विकली जाणारी कोणतीही तबकडी तीत बसे, आणि म्हणूनच 1988 मध्ये पॉपगायिका कायली मिनोगचे नृत्यगीतही तेथे अग्रस्थानी पोहोचले. या क्रमवारीच्या पूर्वीच, 1977 च्या आरंभी, मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसनवारीवर 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गीतांची तबकडी स्वतःच काढली होती. पुढे अर्थ व्यवहारातून स्वराकडे सरकला, खणखणत्या गिटारी नि संकोची गळे इंडी ठरले. मला मात्र तो मूळ, मुखत्यारीचा अर्थच प्रिय आहे, आणि नव्या बँडचे नाव कानी पडताच मी अधीरतेने प्रथम तबकडीवरील प्रकाशकाचे नाव शोधतो.