सद्‌सद्‌विवेकबुद्धी : वैद्यकीय व्यवहारातील

रुग्णाच्या हिताहिताचा निर्णय करताना शास्त्र, कायदा आणि वरिष्ठांचा हुकूम यांच्या पलीकडे वैद्यास किंवा परिचारिकेस ज्या अंतःस्थ नैतिक निवाड्याची दखल घ्यावी लागते, तो निवाडा करणारी शक्ती.

कायद्याने तिला ओळखले ते बहुधा नकाराच्या रूपात. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यातील चौथे कलम याचा ठळक नमुना होय : ज्यास गर्भपाताच्या उपचारात भाग घेणे विवेकास अनुसरून अमान्य आहे, त्याच्यावर तशी सक्ती नाही, मात्र स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी अथवा तिच्या प्रकृतीची गंभीर व कायमची हानी टाळण्यासाठी उपचार आवश्यक असल्यास ही सवलत चालत नाही, आणि आक्षेप शाबीत करण्याचा भारही आक्षेपकावरच असतो. ग्लासगो येथील दोन सुईणींनी गर्भपाताच्या प्रसंगी इतरांना कामे नेमून देण्यासही हरकत घेतली, तेव्हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे संरक्षण प्रत्यक्ष उपचारापुरतेच मर्यादित ठरविले. आणि ते रास्तच, कारण सवलतीची कक्षा दफ्तरापर्यंत नेली असती, तर रुग्ण दारातच ताटकळला असता. भारताच्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात असे स्वतंत्र कलम नाही.

परंतु नकार हे या बुद्धीचे एक, आणि कदाचित तोकडेच, रूप आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणास खिळल्या. त्यांना भरविणे, स्वच्छ ठेवणे, कूस बदलून देणे ही कामे परिचारिकांच्या पिढ्यांनी अशा निष्ठेने सांभाळली, की इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नाहीत, याची नोंद भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात झाली. लेखिका पिंकी विराणी यांनी, तितक्याच करुणेने, त्यांना अन्न देणे थांबवावे असा अर्ज केला. म्हणजे विवेक दोन्ही पक्षी होता, आणि वाद होता तो रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या कर्मचारीवर्गास दिला, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग देशात प्रथमच मोकळा केला, आणि मत पालटल्यास मुंबई उच्च न्यायालयाकडे जाण्याची मुभाही या कर्मचाऱ्यांस ठेवली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने शानभाग यांचे निधन होईपर्यंत ती मुभा कर्मचाऱ्यांनी वापरली नाही.