दहा इंच रुंद, चार इंच जाड

जून १८६४, अमेरिकेचे यादवी युद्ध. व्हर्जिनियातल्या कोल्ड हार्बरला हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी उत्तरेचे सैनिक कोट काढून काहीतरी करत बसले होते. उत्तरेचा सेनापती जनरल ग्रँट याच्या हाताखालच्या होरेस पोर्टर या अधिकाऱ्याला आधी वाटले, फाटके कोट शिवताहेत. जवळ जाऊन बघतो तर चिठोऱ्यांवर आपापले नाव आणि घरचा पत्ता लिहून पोरे ते कोटाच्या पाठीवर टाचत होती. पोर्टरने हे लिहिले त्याला मध्ये तीसेक वर्षे गेली होती, तेव्हा थोडा मीठमसाला पडलाही असेल. गरज मात्र खरी होती. सैन्याकडून ओळखीचा बिल्ला वगैरे काही मिळत नसे. मेल्यावर आपण कोण होतो हे कळावे अशी इच्छा असेल, तर त्याची सोय ज्याची त्याने करायची.

अमेरिकेतल्या लष्करी स्मशानभूमींत मैलोगणती पसरलेले एकसारखे पांढरे दगड आपण चित्रपटांत पाहतो. त्यांचे मूळ या चिठोऱ्यांत आहे.

यादवी युद्ध १८६१ साली पेटले तेव्हा मेलेल्या सैनिकाचे काय करायचे, याची कुठलीच व्यवस्था नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात हुकूम निघाला, की लष्करी इस्पितळांत मृतांची नोंद ठेवावी आणि कबरीवर फळी लावावी. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरा हुकूम: रणांगणाजवळ जागा आखून तिथे पुरावे, फळीवर क्रमांक घालावा आणि ‘शक्य असल्यास’ नाव. या दोन शब्दांत सगळे आले. जुलै १८६२ च्या कायद्याने राष्ट्रीय स्मशानभूमीसाठी जमीन घ्यायची मुभा मिळाली. पण लढाई चालू असताना फळ्या रंगवत कोण बसणार? मेलेल्यांना जवळच्या खड्ड्यात लोटायचे, खोक्याच्या लाकडावर शिसपेन्सिलीने नाव खरडायचे आणि पुढे कूच करायचे. दोन पावसाळ्यांत ती पेन्सिल धुऊन जायची.

युद्ध संपल्यावर सरकारने जे काम काढले त्याला जगात तोवर फारशी तोड नव्हती. शेतांतून, जंगलांतून, रस्त्याच्या कडेने प्रेते उकरून काढायची आणि राष्ट्रीय स्मशानभूमीत आणून पुन्हा पुरायची. हे १८७१ पर्यंत चालले आणि तीन लाखांहून अधिक सैनिक असे हलवले गेले. त्यांतले जवळजवळ निम्मे कोण होते हे कधीच कळले नाही. दक्षिणेच्या ताब्यातल्या अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध युद्धकैद्यांच्या छावणीत मात्र उलटे घडले. डॉरेन्स अ‍ॅटवॉटर नावाच्या तरुण कैद्याला मृतांची नोंदवही लिहायला बसवले होते. त्याने चोरून तिची नक्कल केली आणि सुटताना ती बाहेर काढली. त्यामुळे तिथल्या सुमारे तेरा हजार कबरींपैकी जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे बिननावाच्या राहिल्या. या उपकाराबद्दल सरकारने त्याला काय दिले? यादी कुणाची यावरून वाद झाला, चोरीचा आरोप ठेवून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्याला तुरुंगात टाकले. बाबूशाही तेव्हाही कमी नव्हती.

नव्या कबरींवर लाकडी फळ्या लागल्या, पांढरा रंग आणि वर काळी अक्षरे. एका फळीला सव्वा डॉलरच्या आसपास खर्च, आणि आयुष्य फार तर पाच वर्षे. लाखो फळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या म्हणजे खजिन्याला भोक. सैन्याच्या पुरवठा खात्याचा प्रमुख माँटगोमेरी मेग्ज हा हिशेबी इंजिनीअर. त्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या बिडाच्या खुणा सुचवल्या. स्वस्त आणि टिकाऊ. त्याला भावनाशून्य म्हणायची सोय नाही; त्याचा स्वतःचा मुलगा १८६४ मध्ये याच युद्धात मारला गेला होता. पण लोकांना ओतीव लोखंड नको होते, संगमरवर हवा होता. काही वर्षे घोळ चालला. शेवटी ३ मार्च १८७३ रोजी काँग्रेसने दहा लाख डॉलर मंजूर केले, आणि युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅपने नमुना ठरवला. (हाच बेल्कनॅप तीन वर्षांनी लाचखोरीच्या प्रकरणात पायउतार झाला. नमुना मात्र टिकला.)

तो नमुना असा. दगड दहा इंच रुंद, चार इंच जाड, जमिनीवर बारा इंच दिसणारा, डोक्याशी किंचित गोलाई असलेला. दर्शनी बाजूला ढालीच्या आकाराचा खळगा आणि त्यातून उठून आलेली अक्षरे: कबरीचा क्रमांक, हुद्दा, नाव, राज्य. लाखो दगडांवर छिन्नीने उठावाची अक्षरे कोरायला पिढी गेली असती. मदतीला आला बेंजामिन टिल्घमनचा १८७० चा शोध, वाफेच्या जोराने वाळूचा मारा. व्हरमाँटमध्ये संगमरवराच्या पाटीवर लोखंडी अक्षरे मांडत आणि वाळूचा फवारा सोडत. उघडा दगड झिजून खाली जाई, अक्षरांखालचा तसाच उंच राही. हा शिलालेख कमी आणि कारखानदारीचा माल जास्त होता.

अनामिकांच्या वाट्याला मात्र ही ढाल आली नाही. त्यांना सहा इंच चौरस ठोकळा, वर नुसता आकडा. फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर सुमारे पंधरा हजार सैनिक पुरले आहेत आणि नावे लागली ती अडीच हजारांच्या आतच. तिथल्या ठोकळ्यांवर दोन आकडे दिसतात. वरचा जागेचा क्रमांक आणि खालचा, खाली किती जण आहेत त्याचा. डिसेंबर १८६२ मध्ये याच टेकडीवर चढता चढता उत्तरेच्या तुकड्यांवर तुकड्या कापल्या गेल्या होत्या.

या दगडाची बढाई अशी, की शिपाई आणि अधिकारी दोघांना माप एकच. त्यात तथ्य आहे. युरोपातल्या सरदारी थडग्यांकडे पाहिले की ते जाणवते. पण समता दगडात होती, जागेत नव्हती. सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. त्यांच्या दगडावर ‘यू. एस. सी. टी.’ (युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स) ही आद्याक्षरे, म्हणजे पलटणच वेगळी, आणि पुष्कळ ठिकाणी कबरींचा कोपराही वेगळा. डिसेंबर १८६४ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या इस्पितळातल्या ४४३ कृष्णवर्णीय सैनिकांनी अर्जावर सह्या केल्या: आम्हाला गुलामीतून सुटून आलेल्या निर्वासितांच्या दफनभूमीत नको, सैनिकांच्या स्मशानभूमीत पुरा. सरकारला ते मानावे लागले आणि आधी पुरलेली प्रेतेही हलवावी लागली. माझ्या मते या दगडाच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय हाच, आणि तो दगड घडण्याच्या नऊ वर्षे आधीचा आहे.

दगडाचा नमुना ठरला त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. यादवीत कोण कशासाठी मेले, हे फुल्यांना लख्ख दिसले होते. खुद्द अमेरिकेत तेव्हाच त्यावर पडदा पडू लागला होता.

दक्षिणेचे सैनिक या सरकारी दगडातून सुरुवातीला वगळलेले होते. त्यांची सोय त्यांच्या बायकांच्या मंडळांनी केली. गेटिसबर्गहून सुमारे तीन हजार सांगाडे १८७२-७३ मध्ये रिचमंडला नेले ते त्यांनीच. पुढे १९०६ च्या कायद्याने उत्तरेतल्या तुरुंगांत आणि इस्पितळांत मेलेल्या दक्षिणी सैनिकांनाही सरकारी दगड मिळाला. पण बिनढालीचा आणि माथा टोकदार. उत्तरेच्या माणसाला वर बसता येऊ नये म्हणून टोक, असा विनोद तिकडे अजून सांगतात. समेट झाला असे म्हणायचे, आणि खालचा माणूस कुठल्या बाजूचा हे लांबूनच कळले पाहिजे!

१८७९ पासून गावोगावच्या खासगी स्मशानभूमीतल्या कबरींनाही हा दगड मिळू लागला, म्हणून तो देशभर पसरला. इलिनॉयमधल्या सॉनेमिन गावात ढालीत नाव आहे अल्बर्ट डी. जे. कॅशियर, ९५ वी इलिनॉय पायदळ. हा अल्बर्ट म्हणजे जन्माने जेनी हॉजर्स. पुरुषाच्या वेषात युद्ध लढला, नंतरही अनेक दशके पुरुष म्हणूनच राहिला आणि १९१५ मध्ये वारला. गावकऱ्यांनी १९७०च्या दशकात शेजारी दुसरा दगड लावला, दोन्ही नावांचा. सरकारी दगडावर मात्र फौजेच्या हजेरीपटावरचेच नाव राहिले.

आजचा लष्करी दगड जमिनीखालच्या भागासकट बेचाळीस इंच लांब असतो, आणि खळग्यातली ढाल जुन्या युद्धांपुरतीच उरली आहे. यादवीतल्या सैनिकाच्या बिनखुणेच्या कबरीसाठी सरकार अजूनही दगड फुकट देते. मध्यंतरी अर्ज फक्त जवळच्या नातेवाइकानेच करावा, असा नियम कडकपणे लावला गेला. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्याचा जवळचा नातेवाईक आणायचा कुठून? हजेरीपट धुंडाळून नावे शोधणाऱ्या स्थानिक इतिहासप्रेमींनी ओरड केली. २०१६ मध्ये नियम बदलला, आणि पहिल्या महायुद्धाआधी नोकरी संपलेल्या सैनिकासाठी आता कोणालाही अर्ज करता येतो.