ज्यूरीची निवड आणि वर्णभेद : टिळकांच्या दोन खटल्यांच्या अनुषंगाने

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्यूरीच्या रचनेचा प्रश्न त्यात बहुधा ओझरताच येतो. १८९७ साली न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे बसलेल्या नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियन व तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. १९०८ साली न्या. दावर यांच्यापुढे सात युरोपियन व दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन. आकड्यांचे हे साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य करूनही ते दुर्लक्षिण्याजोगे खास नाही.

१९०८ साली टिळकपक्षाचा खास ज्यूरीला असलेला आक्षेप केवळ वर्णाचा नव्हता, भाषेचाही होता. आरोप 'केसरी'तील मराठी लेखांवर. आणि बहुसंख्य ज्यूरर्सना मराठीचा गंध नाही. साहजिकच त्यांची सर्व भिस्त सरकारी भाषांतरावर राहिली, आणि टिळकांच्या बचावाचा मोठा भाग त्या भाषांतरातील दोष दाखविण्यात खर्ची पडला. न्यायासनावर हिंदी न्यायाधीश असल्याने यात काहीच फरक पडला नाही. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते!

या भेदाचे मूळ जुने आहे. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत प्रवेश दिला खरा, पण ख्रिस्ती आरोपीचा न्याय करण्यास व ग्रँड ज्यूरीत बसण्यास ख्रिस्तीतरांना मज्जाव केला. मुंबई व कलकत्त्याच्या नागरिकांनी त्याविरुद्ध अर्ज केले आणि १८३२ साली ही बंधने उठली. पुढे इल्बर्ट बिलाच्या वादळानंतर १८८४ च्या कायद्याने युरोपियन आरोपीस निम्मे ज्यूरर्स युरोपियन अथवा अमेरिकन मागण्याची सवलत मिळाली.

१८९८ च्या फौजदारी संहितेत तर एक विलक्षण विसंगती होती. हिंदी आरोपीस स्वदेशीय बहुमताची ज्यूरी मागता येई, ती फक्त सत्र न्यायालयात. म्हणजे देवळाली प्रवऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याचा खटला ज्यूरीच्या सत्र न्यायालयात चालता, तर त्यास जो हक्क मिळाला असता, तो मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने तो उच्च न्यायालयातही लागू केला; तेव्हा टिळकांना जाऊन तीन वर्षे झाली होती. परंतु या दुरुस्तीने भेद मिटविला नाही, दोन्ही बाजूंस सारखा वाटून दिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो काढून टाकणारा कायदा १९४९ साली झाला. आणि १९७३ च्या संहितेत ज्यूरीलाच स्थान उरले नाही.