परळची गोळी

गरोदर बायकांना लाल गोळ्या वाटण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली. परळच्या एका प्रसूतिगृहात नावनोंदणीच्या टेबलावर मी बसायचे. "सिस्टर, गोळीनं मळमळतं हो," ही रोजची तक्रार. गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, एवढं पाठ होतं. त्यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आमच्या शेजारच्या हाफकिन संस्थेत सुरू झाली, हे मात्र निवृत्तीनंतर वाचायला बसले तेव्हा कळलं.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या बाई तिथे काम करायला मुंबईत आल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग लंडनला डॉक्टर झालेल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर तेव्हा इथल्या मातामृत्यूंचा शोध घेत होत्या. गरोदरपणातल्या एका जीवघेण्या पंडुरोगाचं काम विल्सबाईंकडे आलं. बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची आणि कित्येकदा बाळंतपणाच्या आगेमागे जायची. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे पेशी थोड्या, पण आकारानं मोठ्या दिसत. नुसत्या लोहानं हा आजार हटणारा नव्हता.

विल्सबाईंनी प्रयोगशाळेइतकंच लक्ष चुलीकडे दिलं, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी झाली. गरीब मुसलमान बायकांचं जेवण सगळ्यांत निकस निघालं आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक. १९३० साली ही पाहणी छापून आली, तिच्यावर विल्स यांच्यासोबत तळपदे हे नाव आहे. त्याआधीच्या प्राथमिक अहवालावर मेहता. विल्सबाईंवर आज पुष्कळ लिहिलं जातं, त्यात ही दोन नावं क्वचितच येतात. परळच्या माणसाला हे खटकायला हवं.

मग तोच आहार उंदरांना घातला. गाभण माद्या पंडुरोगानं मेल्या आणि यीस्ट दिल्यावर वाचल्या. पुढे कळलं, की उंदरांच्या आजारात उवांनी पसरवलेल्या जंतूंचाही हात होता! प्रयोग असा गढूळ असूनही दिशा बरोबर निघाली. शास्त्रात नशीब लागतं ते असं. माकडांवरही प्रयोग झाले आणि बायकांवरही. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात मार्माइट नावाचं काळं, खारट चाटण बनतं. ते दिल्यावर बायकांचं रक्त भरू लागलं. यकृताचा अर्क गुणकारी होता, पण महाग. मार्माइट गरिबाला परवडणारं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. गुण नेमका कशानं येतो ते ठाऊक नव्हतं, तरी बायका बऱ्या होत होत्या. त्या अनोळखी द्रव्याला पुढे 'विल्स घटक' म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेत काही टन पालकातून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. चार वर्षांनी ते प्रयोगशाळेत तयार झालं, त्यामागे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्सबाई १९६४ साली वारल्या. लग्न केलं नाही, सायकलवरून कामाला जात आणि उतारवयात लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.

या औषधाचा दुसरा उपयोग पाहायला मात्र त्या नव्हत्या. १९९१ साली सात देशांतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत जन्मजात दोष असलेल्या बायकांनी दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आधीपासून घेण्याचं कारण साधं आहे. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं.

आमच्या टेबलाशी बायका यायच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. रक्तासाठी तेव्हाही गोळी उपयोगी, पण नळीसाठी उशीर झालेला असायचा. म्हणून घरात कुणी मूल हवं असं ठरवत असेल, तर नाव घालण्याची वाट पाहू नका. महिनाभर तरी आधी डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा.