दुभाषी गेला की यंत्र मुकं होतं

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथल्यासारखे मोडी कागद पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. कागद शाबूत असतो, शाईही टिकलेली असते. वाचणारा मात्र सापडत नाही. मोडी येत असली तरी तारखेपाशी अनेकांची गाडी अडते, कारण शुहूर सनातले 'सलास', 'अर्बा', 'खमस' हे आकडे अरबी आहेत. उर्दू शिकलेल्याला ते सहज कळतात. म्हणजे कागद मेलेला नसतो, फक्त मधला दुभाषी हरवलेला असतो.

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांमध्ये उर्दू आणि मराठी शिकवताना हाच प्रकार मी संगणकाच्या खोलीत पाहतो. संगणक बदलतो, त्यावर नवी विंडोज येते आणि जुना प्रिंटर 'ड्रायव्हर मिळत नाही' म्हणून भंगारात जातो. त्याचा रोलर ठीक असतो, टोनरही अर्धा भरलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला तर्जुमान, दुसरं काही नाही.

हा तर्जुमान इतका दुर्मिळ का झाला, याला इतिहास आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या काळात एप्सनची आज्ञाभाषा इतकी रुळली की इतर कंपन्यांचे प्रिंटरही तीच बोलू लागले. १९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला, त्याची पीसीएल भाषाही अशीच पसरली. म्हणून ते जुने, खडखडाट करणारे प्रिंटर आजच्या संगणकावरही विंडोजमधल्या साध्या 'जेनेरिक' ड्रायव्हरवर निदान मजकूर तरी छापतात.

पुढे प्रिंटर स्वस्त झाले, पण त्यांच्यातली अक्कल काढून संगणकात ठेवली गेली. एचपी लेझरजेट १०२० हे त्याचं चांगलं उदाहरण. हा प्रिंटर बंद केला की स्वतःचं फर्मवेअरसुद्धा विसरतो. पुन्हा चालू केल्यावर ड्रायव्हरला ते त्याच्यात नव्याने भरावं लागतं. ड्रायव्हर नसेल तर तो नुसता डबा. म्हणजे जुनं यंत्र तगतं आणि त्याच्यानंतरचं मुकं होतं, असा उलटा न्याय.

२००७ साली आलेल्या व्हिस्टाने ड्रायव्हरचे नियम कडक केले. ६४ बिटच्या आवृत्तीत सिस्टिमच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. कारण रास्त होतं, कच्च्या ड्रायव्हरमुळे अख्खा संगणक कोसळतो. पण ३२ बिटसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही आणि बंद झालेल्या मॉडेलसाठी नवा लिहिण्यात कंपनीला फायदा दिसत नाही. एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा २०२० मध्ये, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. दरवेळी काही धडधाकट यंत्रं मागे राहिली.

उर्दूवाल्यांसाठी हा प्रश्न प्रिंटरपुरता नाही. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आली आणि उर्दूची कातिबांच्या हातातली अक्षरं यंत्रावर उतरली. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने ती साध्या संगणकावर आणली. अशा भाषिक सॉफ्टवेअरसोबत अनेकदा डाँगल, म्हणजे संगणकाला मागून लावायचं कुलूप असे. त्या कुलपालाही ड्रायव्हर लागतो. तो नव्या सिस्टिमवर चालला नाही तर शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका, मुशायऱ्यांची संकलनं आतच राहतात. फाइल आपली, मजकूर आपला, पण वाचण्याची परवानगी कुलपाकडे.

याविरुद्धचा झगडाही प्रिंटरपासूनच सुरू झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा प्रोग्राम सुधारायचा होता, पण त्याचा स्रोत मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज लिनक्सवर १०२० सारखे प्रिंटर चालतात, कारण स्वयंसेवकांनी त्यांची भाषा चिकाटीने उलगडून नवे तर्जुमान लिहिले. जुने स्कॅनरही 'सेन' या मुक्त प्रकल्पामुळे लिनक्सवर चालतात.

म्हणून यंत्र भंगारात देण्याआधी थोडी शोधाशोध करावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राचा हार्डवेअर आयडी पाहावा. नावावर जाऊ नये, हा आकडाच त्याची खरी ओळख. तो घेऊन आधी कंपनीच्या संकेतस्थळावर, मग मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये शोधावं. आपली विंडोज ३२ बिट आहे की ६४, तेही बघावं. 'सगळे ड्रायव्हर फुकट' म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांपासून दूर राहावं. काहीच जमलं नाही, तर जुन्याच संगणकावर लिनक्स टाकून प्रिंटर तिथे जोडावा.

आणि उर्दू शाळांना एक विनंती. जुना संगणक सुरू होतो आहे तोवर इनपेजच्या फाइली युनिकोडमध्ये उतरवून घ्या, ड्रायव्हरची सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मोडीचे जाणकार अजून भेटतात, शिकवणारेही आहेत. आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिका उघडून देणारा उद्या कुणी भेटेलच, असं नाही.