मानसशास्त्राची अर्धवेळ असोसिएट पदवी व विद्यापीठ-ट्रान्सफर (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात नोकरी किंवा घरसंसार सांभाळून मानसशास्त्राच्या पदवीची पहिली दोन वर्षे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात सवडीने पूर्ण करावयाची आणि नंतर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ए. किंवा बी.एस. मिळवावयाची, असा हा शिक्षणमार्ग आहे. पूर्वार्धाच्या अखेरीस मिळणाऱ्या पदवीस ‘असोसिएट पदवी’ म्हणतात, तर एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक घेऊन दुसऱ्या संस्थेत जाण्यास ‘ट्रान्सफर’ म्हणतात. श्रेयांकाचे तेथील नाव ‘युनिट’ असून आठवड्याला तीन तासांचा सत्रभराचा वर्ग साधारणतः तीन युनिटांचा धरला जातो. बारा युनिटांपेक्षा कमी भार घेणारा विद्यार्थी अर्धवेळ ठरतो.

या व्यवस्थेचा पाया १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’मध्ये आहे. क्लार्क कर हे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष असताना आखलेल्या या योजनेने राज्याच्या उच्च शिक्षणाचे तीन थर पाडले : शालान्त विद्यार्थ्यांतील वरच्या अष्टमांशासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), वरच्या तृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) आणि शिकण्याची इच्छा असलेल्या कोणाहीसाठी कम्युनिटी कॉलेजे. खालच्या थरातून वर जाण्याची वाट उघडी राहील, हे त्यात गृहीतच होते. परंतु प्रत्येक विद्यापीठाच्या अटी वेगळ्या असल्याने कॉलेजात भरपूर युनिटे जमवूनही विद्यापीठात काही विषय पुन्हा करावे लागत. यावर उपाय म्हणून २०१० मध्ये राज्य विधिमंडळाने विधेयक १४४० संमत केले आणि ‘ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी’ अस्तित्वात आली. ही पदवी ६० सत्र-युनिटांची असते. ती मिळवणाऱ्यास सीएसयूमध्ये तृतीय वर्षाचा दर्जा मिळतो आणि समान शाखेतील पदवी आणखी ६० युनिटांत पुरी होईल, अशी हमी मिळते. हमी सीएसयूच्या कोणत्या तरी कॅम्पसवरील प्रवेशाची असते, विशिष्ट कॅम्पसची नव्हे. सॅन डिएगो, लाँग बीच किंवा सॅन होजे येथे अर्जदार जागांहून कितीतरी अधिक असतात आणि निवड स्पर्धेनेच होते, हे जाहिरातवजा पुस्तिकांत फारसे ठळकपणे छापलेले नसते.

मानसशास्त्राच्या या पदवीत मुख्य विषयाची किमान १८ युनिटे असतात. त्यांच्या गाभ्याशी तीन अभ्यासक्रम आहेत : मानसशास्त्राचा परिचय, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती. त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा जैविक मानसशास्त्र यांपैकी एक आणि विकासात्मक, सामाजिक वा अपसामान्य मानसशास्त्रासारखे विषय येतात. मुख्य विषयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात किमान ‘सी’ श्रेणी लागते. सामान्य शिक्षणासाठी २०२५ च्या शरद सत्रापासून ‘कॅल-गेट्सी’ नावाचा एकच आराखडा यूसी व सीएसयू या दोहोंसाठी लागू झाला असून, २०२१ च्या विधेयक ९२८ मधून आलेल्या या आराखड्यात ११ अभ्यासक्रम व ३४ युनिटे आहेत. चौतीस आणि अठरा मिळून बावन्न होतात, म्हणजे वरकरणी आठच युनिटे मोकळी राहतात. प्रत्यक्षात संख्याशास्त्र गणिताच्या रकान्यात, परिचय सामाजिक शास्त्रांच्या रकान्यात आणि जीवशास्त्र विज्ञानाच्या रकान्यात दुहेरी मोजता येते, त्यामुळे मोकळी जागा सोळा-सतरा युनिटांपर्यंत वाढते. बी.एस. पदवी किंवा विज्ञानाकडे झुकलेले विभाग कलनशास्त्र, रसायनशास्त्र यांसारखे विषय आधी मागतात. ते याच मोकळ्या जागेत बसवावे लागतात; आवडीचे सुटे विषय घेऊन ही जागा सुरुवातीलाच भरून टाकणारा विद्यार्थी पुढे अडचणीत येतो.

नियोजनाची खरी कसोटी विषयांच्या क्रमात आहे. संशोधनपद्धतीला संख्याशास्त्र व परिचय हे दोन्ही पूर्वअट म्हणून लागतात, म्हणजे ते उत्तीर्ण झाल्याखेरीज त्या वर्गात नावच नोंदवता येत नाही. आणि लहान कॉलेजात संशोधनपद्धतीचा सायंकाळचा वर्ग प्रत्येक सत्रात उघडेलच असे नसते. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे एक सत्र चुकले तर सत्रच चुकते, अर्धवेळ विद्यार्थ्याचे मात्र अनेकदा वर्ष जाते. दर सत्राला सहा युनिटे व उन्हाळ्यात तीन, असा वेग धरल्यास वर्षाला पंधरा आणि चार वर्षांत साठ युनिटे होतात. वर्गातील एका तासामागे घरी दोन तासांचा अभ्यास धरण्याचा तेथील प्रघात पाहता सहा युनिटे म्हणजे आठवड्याचे अठरा तास होत, आणि चाळीस तासांच्या नोकरीबरोबर याहून अधिक भार घेणे बहुधा महागात पडते. अशा आराखड्यात पहिल्या सत्रात परिचय व इंग्रजी लेखन, दुसऱ्यात संख्याशास्त्र व एक सामान्य विषय, आणि पूर्वअट पुरी होताच मिळेल त्या सत्रात संशोधनपद्धती, हा क्रम सर्वांत सुरक्षित ठरतो. संख्याशास्त्राची भीती बाळगून ते शेवटच्या वर्षावर ढकलण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते आणि सबंध योजना कोलमडण्याचे तेच सर्वांत नेहमीचे कारण असते. २०१७ च्या विधेयक ७०५ नंतर बहुतेक विद्यार्थ्यांना उपचारात्मक गणिताच्या वर्गांत न अडकता संख्याशास्त्राला थेट बसता येते, त्यामुळे हे ढकलणे आता अधिकच निष्कारण झाले आहे.

क्रम पुढे नव्हे, तर प्रवेशाच्या दिवसापासून मागे मोजावा लागतो. यूसी व सीएसयू यांचे शरद प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा कॅम्पसांवर प्रवेशहमीची ‘टॅग’ ही योजना असून तिचे अर्ज त्याही आधी, सप्टेंबरात घेतले जातात. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथे ही योजना नाही, आणि सहाही कॅम्पसांवर प्रत्येक शाखेला ती मिळतेच असेही नाही. म्हणजे चार वर्षांच्या आराखड्यात चौथ्या वर्षाच्या आरंभी, पंचेचाळीसच्या आसपास युनिटे हाती असतानाच अर्ज जातो, आणि त्या वेळी गुणपत्रकावर संख्याशास्त्र दिसणे इष्ट असते.

कोणता अभ्यासक्रम कोठे ग्राह्य आहे, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत सार्वजनिक संकेतस्थळावर कॉलेज, विद्यापीठ व वर्ष निवडून पाहता येते. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. विद्यापीठाने युनिटे स्वीकारणे ही एक गोष्ट आणि तो विषय मुख्य शाखेच्या अटीपोटी धरणे ही दुसरी. पहिली झाली तरी दुसरी होईलच असे नाही, आणि न धरलेला विषय नुसता ऐच्छिक म्हणून पडून राहतो. अभ्यासक्रमांचे वेगवेगळे क्रमांक हे या गोंधळाचे जुने मूळ होते. २०२१ च्या विधेयक ११११ नुसार आता सर्व कम्युनिटी कॉलेजांत सामायिक क्रमांक येत असून परिचयाचा अभ्यासक्रम सर्वत्र ‘पीएसवायसी सी१०००’ आणि संख्याशास्त्र ‘एसटीएटी सी१०००’ या नावाने ओळखला जातो. कुपर्टिनोच्या डी अँझासारखी काही कॉलेजे सत्राऐवजी तिमाहीवर चालतात. तेथील ९० युनिटे म्हणजे इतरत्रची ६०.

वर्षे लांबली की नियमही बदलतात. खंड न पडू देता शिकणाऱ्यास ज्या वर्षी त्याने आरंभ केला त्या वर्षीच्या अटी पुढेही लागू राहण्याचा हक्क असतो, त्यास ‘कॅटलॉग हक्क’ म्हणतात. खंड पडल्यास हा हक्क जातो. म्हणून अडचणीच्या वर्षातही एखादा विषय चालू ठेवणे आणि असिस्टवरील त्या-त्या वर्षीचे करार उतरवून जवळ बाळगणे, ही समुपदेशक हटकून देतात ती सूचना रास्त आहे.

खर्चाच्या बाबतीत राज्याच्या रहिवाशांसाठी हा मार्ग बराच स्वस्त आहे. २०१२ च्या उन्हाळ्यापासून शुल्क एका सत्र-युनिटास ४६ डॉलर असल्याने साठ युनिटांना २,७६० डॉलर पडतात, पुस्तके व किरकोळ आकार वेगळे. सवलतींची नावे मात्र फसवी आहेत. ‘कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस’ या योजनेतील पहिल्या दोन वर्षांची शुल्कमाफी पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आहे, तर ‘प्रॉमिस ग्रँट’ ही उत्पन्नावर आधारलेली माफी एकच विषय घेणाऱ्यालाही मिळते. अर्धवेळ विद्यार्थ्याने दुसरीसाठी अर्ज करावयाचा असतो. राज्याच्या कॅल ग्रँटला किमान सहा युनिटे लागतात. केंद्र सरकारचे पेल अनुदान घेतलेल्या भाराच्या प्रमाणात मिळते आणि आयुष्यभरात पूर्णवेळ बारा सत्रांइतकेच वापरता येते. या अनुदानांसाठी घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोनतृतीयांश उत्तीर्ण व्हावी लागतात. मुदतीनंतर सोडलेला विषय गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ म्हणून उमटतो आणि या हिशेबात घेतलेला पण न झालेला म्हणून मोजला जातो, त्यामुळे वर्ग झेपणार नसेल तर तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सोडावा लागतो.

सांता क्लारा खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने व्हिसाचा मुद्दा निर्णायक ठरतो. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकणे बंधनकारक असल्याने हा अर्धवेळ मार्ग त्या व्हिसावरील विद्यार्थ्यांना बंद आहे. एच-४ अवलंबित व्हिसावरील पती वा पत्नीला मात्र अर्धवेळही शिकता येते आणि वर्षाहून अधिक काळचे वास्तव्य व तेथेच राहण्याचा इरादा सिद्ध झाल्यास रहिवाशाचे शुल्क लागू होऊ शकते. पुण्यामुंबईत पदवी घेऊन आलेल्यांची जुनी गुणपत्रके परकीय गुणपत्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागतात, आणि कॅल-गेट्सीच्या प्रमाणपत्रासाठी अमेरिकेबाहेरील महाविद्यालयांचे विषय धरले जात नाहीत. सीएसयू व यूसीमध्ये बी.ए. किंवा बी.एस. स्तराची दुसरी पदवी घेण्यास वाव फार कमी आहे. त्यामुळे अशांपैकी अनेकांसाठी कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र व संशोधनपद्धतीसारखे राहिलेले विषय पुरे करून पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणे अधिक सोयीचे पडते.

मानसशास्त्राची बी.ए. व्यवसायाचा परवाना देत नाही. कॅलिफोर्नियात परवानाधारक मानसशास्त्रज्ञ होण्यास डॉक्टरेट आणि विवाह-कुटुंब समुपदेशक होण्यास पदव्युत्तर पदवी व ३,००० तासांचा पर्यवेक्षित अनुभव लागतो.