‘कोरोना बॅच’ने परीक्षा दिली होती का?

मागच्या दिवाळीत वैजापूरला घरी गेलो होतो. बसस्टँडजवळ चहा पिताना एका काकांनी गावात आलेल्या नव्या डॉक्टरबद्दल विचारलं, “हा कोरोना बॅचचा का? परीक्षा न देता पास झालेला?” असं तुम्हीही ऐकलं असेल. पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर अशा वाक्यापाशी जरा थांबा आणि तारखा काढून बघा.

हा समज बहुधा जून 2020 चा. तेव्हा राज्य सरकारने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं होतं. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पुढे ढकला हवं तर, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. लोकांच्या डोक्यात मात्र पहिलीच बातमी राहिली.

डॉक्टरांचं प्रकरण वेगळंच. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या 19 एप्रिल 2021 च्या उन्हाळी परीक्षा दुसऱ्या लाटेमुळे पुढे गेल्या आणि 10 जूनपासून झाल्या, त्याही केंद्रावर बसून.

खरा पेच एमडी-एमएसचा. इथे परीक्षार्थी म्हणजेच कोविड वॉर्डातले निवासी डॉक्टर. अभ्यासाला सुट्टी द्यावी तर वॉर्ड कोण बघणार? त्यात 18 एप्रिलची नीट-पीजी थेट 11 सप्टेंबरला झाली, म्हणजे खालून नवी बॅचही येत नव्हती. शेवटच्या वर्षाचे पास होऊन गेले की जागा रिकाम्याच! काही डॉक्टर परीक्षा माफ करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. 18 जून 2021 ला न्यायालयाने नकार दिला. आपल्याकडच्या परीक्षा ऑगस्टमध्ये झाल्या. (इटलीने मात्र मार्च 2020 मध्ये नव्या डॉक्टरांची परवान्याची राज्य परीक्षा खरोखरच काढून टाकली होती.)

प्रात्यक्षिकाची अडचण आणखी निराळी. एमडी-एमएसला निम्मे परीक्षक परराज्यातले हवेत, असा नियम. 2020 मध्ये प्रवासच बंद, म्हणून राज्यातले परीक्षक किंवा व्हिडिओ कॉल चालवून घेतला. पण ‘केस’ म्हणून तपासायचा रुग्ण व्हिडिओवर कसा आणणार? पोट दाबून बघावं लागतं, छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो. खाटा तर कोविडने भरलेल्या.

यावर काम करायचं असेल तर एक काळजी घ्या. एकाच परीक्षेची दोन-तीन परिपत्रकं सापडतील. परिपत्रकातली तारीख ही परीक्षा झाल्याची तारीख समजू नका. ओळखीच्या डॉक्टरकडे हॉल तिकीट जपून ठेवलेलं असेल, ते आधी मागा.